मे महिन्यात मध मागू नका

२० मे ला सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर जागतिक मधमाशी दिनाचे फोटो सुरू होतात. हिरवंगार कुरण, जांभळी-पिवळी फुलं, त्यावर एक गुबगुबीत माशी आणि खाली शुभेच्छा. ज्यांच्यासाठी हा दिवस ठेवलाय ते आंतोन यान्शा स्लोव्हेनियाचे, मारिया तेरेसा राणीच्या काळात व्हिएन्नात लोकांना मधमाशीपालन शिकवायचे, त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद २० मे १७३४ ची आहे म्हणून ही तारीख, युनोने २०१७ मध्ये ठराव केला आणि २०१८ पासून हा दिवस चालू झाला. माणूस मोठा होता, त्याबद्दल वादच नाही, पण त्यांच्या देशात मे म्हणजे फुलांचा महिना आणि आमच्या जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे २० मे म्हणजे पारा ४४-४५, भुसावळचा आकडा तर पेपरात पहिल्या पानावर, आणि दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नेमकं याच दिवशी ओळखीची माणसं फोन करतात, भाऊ, नवीन मध निघाला का?

नाही निघाला. आणि निघणारही नाही.

आपण शिकतो ते सगळं दुसरीकडचं, ही यातली मोठी गोची आहे. यूट्यूबवर मधमाश्यांच्या पेट्यांचे व्हिडिओ बघा, गोरा माणूस जून-जुलैत मधकोठीवर मधकोठी (पेटीचा मध साठवायचा वरचा मजला) चढवत असतो, म्हणतो मिडसमर आहे, माश्यांना जागा कमी पडू देऊ नका. ते लांबचं सोडा, आपल्याच महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या पट्ट्यात जांभूळ, हिरडा उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात आणि पावसाआधी तिकडे मध काढतात, तिथलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, खूप चांगली गोष्ट आहे. पण तिथलं वेळापत्रक घेऊन तुम्ही तापीकाठी आलात तर पेटी रिकामी होऊन हातात येईल. मी ज्या ट्रेनिंगला बसलो होतो तिथे वाटलेल्या कागदावर एप्रिल-मे समोर "मध काढणी" एवढंच छापलेलं होतं, कुठल्या तालुक्यासाठी ते काही नाही. गारठ्याच्या देशात माश्या हिवाळाभर एकमेकींना चिकटून बसतात आणि साठवलेल्या मधावर दिवस काढतात. खानदेशात तो कठीण काळ वैशाखात येतो. फक्त गारठ्याच्या जागी ऊन.

आमचा हंगाम कसा चालतो सांगतो. पाऊस सरता सरता कपाशी, मग तूर, थंडीत धने-मोहरी कुणी लावली असेल तर ती, शेवगा, आणि ज्याच्या आसपास कांद्याचं बियाणं आहे त्याची चैन, कारण फेब्रुवारी-मार्चात त्या डेंगळ्यांचे पांढरे गोंडे फुलले की माश्या सकाळपासून तिथेच पडीक असतात, आणि कांद्याच्या बियाला माशी लागतेच, म्हणून ते शेतकरी स्वतःहून पेट्या मागतात. नंतर कडूलिंब फुलतो, करंज फुलतो, आणि एप्रिलअखेर सगळं आटत जातं. मार्च ते एप्रिलचा पहिला पंधरवडा, काय काढायचा तो मध तेव्हाच काढून घ्या आणि तोही हात राखून. त्यानंतर जे आत आहे ते त्यांचं.

आत काय चालतं हे बघितलं की माणूस जरा नरमतो. माश्यांना पिल्लांच्या जागेचं तापमान ३४-३५ डिग्रीच्या आसपास लागतं, अंडी-अळ्या-कोष तेवढ्यातच नीट वाढतात. थंडीत बाहेर १० असलं तर त्या अंगाची ऊब देऊन ते वर नेतात. आणि मे मध्ये बाहेर ४५ असताना तेच १० डिग्रीने खाली आणायचं, म्हणजे आपण एसी घेऊनही जे धड करत नाही ते. दारात आणि आत एका दिशेला तोंड करून कामकरी माश्यांच्या रांगा उभ्या राहतात आणि नुसतं पंख मारत राहतात, गरम हवा बाहेर. काही जणी पाणी आणतात, आतल्या जणी ते घरांच्या कडांवर, अळ्यांच्या वर पातळ पसरतात, तोंडातला थेंब सोंडेवर आत-बाहेर करत राहतात, आणि वाऱ्याने ते पाणी उडालं की पोळं गार होतं. आपला डेझर्ट कूलर याच तत्त्वावर चालतो, फक्त त्यांच्याकडे लोडशेडिंग नाही.

मार्टिन लिंडाउअर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात इटलीत एक पेटी काळ्या लाव्हाच्या मैदानात भर उन्हात ठेवून बघितली होती, जमिनीचं तापमान ७० डिग्रीच्या घरात, आणि तरी पाणी मिळत होतं तोवर माश्यांनी आतलं तापमान ३५ च्या आसपास धरून ठेवलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं सांगायचं तर आपल्या पाचोरा-चाळीसगावच्या काळ्या दगडाची आठवण झाली, तोही लाव्हाच की, फक्त जुना. लिंडाउअरनेच अजून एक गोष्ट शोधली ती मला जास्त आवडते. पाणी हवंय की नको हे पाणी आणणाऱ्या माशीला कोण सांगतं? राणी तर अजिबात नाही, राणीला अंड्यांपलीकडे काही विचारत नाहीत. माशी पाणी घेऊन दारात येते, आतली एखादी तिच्याकडून ते घेते. आत तापलं असेल तर दोन-तीन जणी अंगावर धावून येतात, लगेच ओझं उतरतं, मग ती परत पाण्याला जाते. आत गार असेल तर कुणी पुढे येत नाही, ती थांबते, हिंडते, कंटाळते आणि पाण्याला जायचं सोडते. घेणारा किती उतावीळ आहे यावरून सगळा कारभार.

म्हणून उन्हाळ्यात मधपाळाचं काम कुठून सुरू होतं तर पाण्यापासून, आणि इथे बरेच जण उशीर करतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण पितरांच्या नावाने घागर भरतो, वर डांगर ठेवतो, सांजोऱ्या करतो, पोरीबाळी झोक्यावर. माश्यांचं पाणी मात्र आखाजीपर्यंत थांबवून चालत नाही, मार्चातच सुरू करावं लागतं. त्याचं कारण असं की माशीला एकदा पाण्याची जागा लागली की ती ती सोडत नाही. तुम्ही एप्रिलमध्ये मोठ्या थाटात रांजण भरून ठेवाल आणि त्या शेजारच्या कूलरवरच जातील. कूलरचं ते ओलं गवत म्हणजे त्यांच्यासाठी स्वर्ग, उभं राहायला जागा, पाणी झिरपतंय, वास पण येतोय. आमच्या शेजारच्या जिजी एकदा दारातून ओरडल्या, "आरे भाऊ, तुन्या माश्या मन्हा कूलरवर येतस, पोरेसले चावतीन!" पाण्याला आलेली माशी सहसा चावत नाही हे मी त्यांना सांगून बघितलं पण रात्री कूलरसमोर झोपणाऱ्या माणसाला हे पटवणं अवघड आहे, आणि त्यांचंही बरोबर आहे, पायाखाली आली तर चावतेच. कूलरला बारीक जाळी लावून दिली, विषय मिटला.

स्वच्छ पाणी ठेवलं की झालं असंही नसतं. माशी पाणी वासावर शोधते, त्यामुळे फिल्टरचं पाणी सोडून गोठ्याजवळच्या शेवाळलेल्या डबक्यावर गर्दी करते आणि नवीन माणूस हैराण होतो. मी पसरट टोपलं घेतो, त्यात खडे, गोणपाटाचा तुकडा, वाळक्या काटक्या टाकतो म्हणजे त्या बुडत नाहीत, सुरुवातीला पाण्यात चिमूटभर मीठ, आणि मुख्य म्हणजे ते टोपलं एकदाही कोरडं पडू द्यायचं नाही. एक दिवस कोरडं पडलं की गेल्या कूलरवर. केळीवाल्यांकडे अजून एक भानगड असते, ठिबकच्या नळीला गळती असली की माश्या तिथे पाणी पितात आणि त्याच नळीतून आपण खत सोडत असतो. खताच्या दिवशी तरी गळके जॉइंट बघून घ्या.

सावलीचं म्हणाल तर मी माझ्या पेट्या मामांच्या केळीच्या बागेत ठेवतो. खरं तर मामांना त्यात दमडीचा फायदा नाही, कारण केळीचं फळ परागीभवनाशिवायच धरतं, माश्या आल्या काय नि नाही काय, घड तेवढाच. पण निसवलेल्या झाडाच्या कमळात, म्हणजे केळफुलात, भरपूर मधुरस असतो, मे मध्ये सगळीकडे शुकशुकाट असताना हाच काय तो आधार, आणि बाग ओली असल्यामुळे आत शिरलं की बाहेरच्यापेक्षा चांगलंच गार लागतं. कडेला वाऱ्यासाठी शेवरी लावलेली असली तर झळा पण अडतात. मामा म्हणतात, "ठेव रे, मन्हं काय जातंय." तोटे पण आहेत. कमळं वेळेवर मोडून टाकतात, ते केलंच पाहिजे त्यांना, पण मग तेवढा चारा गेला. फवारणी असते, तिचा निरोप आदल्या दिवशी मिळाला तर बरं. आणि अगदी गच्च बागेच्या मधोमध पेटी ठेवली की हवाच खेळत नाही, दमट होतं, म्हणून कडेच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, सकाळचं कोवळं ऊन लागेल आणि अकरानंतर सावली येईल अशी जागा.

केळी नसेल तर कडूलिंब, चिंच, आंबा, कुठलीही दाट सावली. तीही नसेल तर हिरवी शेडनेट, पण पेटीच्या टोपणाला चिकटवून नको, हातभर वर. टोपणाला चुना मारा. गोणपाट ओलं करून टाकायची पद्धत आपल्याकडे आहे, ती मे मध्ये कामाची कारण हवा कोरडी असते, पाणी लगेच उडतं. जूनमध्ये ढग आले की त्याच ओल्या गोणपाटाने आत बुरशी होते, तेव्हा काढून टाकायचं. दार मोठं ठेवायचं की लहान, यावर दोन मधपाळ भेटले की भांडण ठरलेलं. भक्कम, म्हणजे माश्या भरपूर असलेल्या, पेटीचं दार मोकळं ठेवावं आणि कमजोर पेटीचं लहान, असं माझं मत, कारण कमजोर पेटी लुटायला बाकीच्या टपलेल्याच असतात, आणि दुष्काळात माश्या एकमेकींच्या घरावर दरोडा घालतात तेव्हा त्यांची ती शिस्त-बिस्त, जी आपण शाळेत निबंधात लिहितो, ती कुठे दिसत नाही.

संध्याकाळी पेटीच्या तोंडाशी माश्यांचा मोठा झुबका लटकलेला दिसतो, दाढीसारखा. नवीन माणूस घाबरतो, त्याला वाटतं आता या उडून जाणार. बहुतेक वेळा त्या फक्त आतली गर्दी कमी करायला बाहेर येऊन बसलेल्या असतात, अंगणात खाट टाकून झोपतो ना आपण. पाणी आहे, सावली आहे, तर त्यांना तिथेच बसू द्या. टॉर्च मारून बघू नका.

आणि पेटी उघडू नका, हे माझं सगळ्यात जास्त न ऐकलं जाणारं वाक्य आहे. लोकांना उघडून बघायची खाज असते. मेण वितळतं ६२ ते ६४ डिग्रीला, पण ४० च्या पुढे ते मऊ पडायला लागतं, त्यात नवीन पांढरं पोळं असेल आणि त्यात मध असेल तर फ्रेम (पोळ्याची लाकडी चौकट) आडवी धरली की पोळं लोंबून खाली पडतं. मध सांडला, माश्या बुडाल्या, राणी कुठे गेली कळत नाही, आणि वासाने आजूबाजूच्या पेट्या, मुंगळे, गांधीलमाश्या सगळे जमा. मे मध्ये बघायचंच असेल तर सकाळी सात-साडेसातच्या आत, पाच मिनिटांत, मध आहे का, अंडी आहेत का, मेणकिडा लागलाय का, एवढं बघून बंद. अंडी दिसली म्हणजे राणी आहे, तिला शोधत बसायचं नाही. बाकीचं दारावरूनच कळतं. पाणी घेऊन येणाऱ्या, परागाचे गोळे घेऊन येणाऱ्या (या दिवसांत थोड्याच), दाराबाहेर ढकललेले नर. नर ढकलायला लागल्या म्हणजे आत अन्नाची काटकसर सुरू झाली असं समजायचं, खाणारी तोंडं कमी करतात, बिचाऱ्या नरांना डंखही नसतो. राणीही अंडी कमी करते. हे बघून काही जण पेटी खराब झाली म्हणतात. पिल्लं कमी म्हणजे थंड ठेवायची जागा कमी, पाण्याची मजुरी कमी, हा त्यांचा हिशोब आपल्यापेक्षा पक्का आहे.

माश्या कमी झाल्या की रिकामी पोळी उरतात आणि मेणकिड्याची चंगळ होते. त्याची अळी जुन्या काळ्या पोळ्यातून जाळं विणत जाते, भक्कम पेटीत माश्या तिला ओढून बाहेर टाकतात, कमजोर पेटीत कोण टाकणार? म्हणून माश्या जेवढ्या फ्रेम झाकून बसल्यात तेवढ्याच आत ठेवायच्या, रिकाम्या वरच्या कोठ्या काढून घ्यायच्या, त्या फ्रेम उजेड-वारा लागेल अशा टांगायच्या. तळपाटावरचा कचरा झाडून घ्यायचा. एवढं केलं तरी पुष्कळ.

आता मधाचं. निदान दोन-तीन भरलेल्या, मेणाने बंद केलेल्या फ्रेम आत राहिल्याच पाहिजेत, मोठी पेटी असेल तर अजून जास्त. यावर मला ऐकवतात की मध काढून घे आणि साखरेचा पाक दे, साखर स्वस्त आहे. हिशोबाने बरोबर आहे. मी पण पाक देतो, पेटी खरंच उपाशी असेल तर साखर आणि पाणी समसमान, संध्याकाळी, पेटीच्या आत, बाहेर एक थेंब न सांडता. पण पाकात गोडी सोडून काही नसतं, आणि पाक द्यायच्या दिवसांत वर मधकोठी ठेवून नंतर तोच "शुद्ध मध" म्हणून विकणारेही आहेत, तो धंदा मला जमत नाही. एप्रिलमध्ये काढलेल्या त्या शेवटच्या दोन फ्रेमचे जे पैसे येतात त्यापेक्षा जूनमध्ये जिवंत असलेली पेटी महाग असते, हे ज्याने नवीन पेटी विकत घेतलीय त्याला सांगावं लागत नाही.

लोक मे मध्ये मध मागतात यात त्यांचा दोष नाही म्हणा. सातपुड्यातून पावरा, भिल्ल, तडवी बांधव आग्या मोहोळाचा मध याच दिवसांत घेऊन येतात, बाजाराच्या दिवशी बाटल्या असतात, त्यामुळे उन्हाळा आणि मध हे डोक्यात पक्कं बसलंय. पण आग्याचं वेगळं आहे. ती उघड्यावर एकच मोठं पोळं लावते आणि चारा संपला की अख्खं मोहोळ उठून कोसाच्या कोस दूर जातं. ढोलीत राहणाऱ्या आपल्या देशी सातेरी माशीलाही पटलं नाही तर घर सोडून जायला वेळ लागत नाही. फुलोरी ही छोटी माशी तर बघाच कधी, हिवराच्या-लिंबूच्या झुडपात तळहाताएवढं पोळं, ४५ डिग्रीत मजेत असते, मुंग्या येऊ नयेत म्हणून फांदीला दोन्ही बाजूंनी चिकट डिंकाचे पट्टे लावते, आणि जागा बदलताना जुन्या पोळ्याचं मेणसुद्धा सोबत नेते. या तिघींचं आपण काही बघायला जात नाही, त्या त्यांचं बघतात. पेटीतली मेलिफेरा माशी मात्र बाहेरून आणलेली, १९६२ मध्ये हिमाचलात नगरोटा बगवानला ती आपल्या देशात पहिल्यांदा नीट रुजली, आणि आपण तिला लाकडी खोक्यात घालून तापीच्या खोऱ्यात ठेवलंय. उन्हाची जागा तिने निवडलेली नाही, आपण निवडलीय. तेव्हा पाणी, सावली आणि तिचाच मध तिला ठेवणं यात उपकार कसले.

वेडा राघू या पक्ष्याबद्दल विचारतात. तारेवर ओळीने बसतात आणि पेटीसमोरच्या माश्या टिपतात, डंख फांदीवर घासून काढतात आणि गिळतात. मी काही करत नाही. भक्कम पेटीला फरक पडत नाही, आणि गलोल घेऊन उन्हात उभं राहणारा माणूस माझ्या माहितीत तरी एकच होता, त्यालाच ऊन लागलं.

मृगाचा पहिला पाऊस पडला की काम संपलं असं वाटतं, तसं नाही. पहिल्या पावसानंतर गवत हिरवं होतं पण फुलं नसतात, मका-बाजरीचे तुरे यायला ऑगस्ट उजाडतो, आणि तोवर पेटीत जे आहे त्यावरच भागवायचं, म्हणजे मे मध्ये राखलेल्या फ्रेम खऱ्या कामाला येतात त्या जुलैत. तेव्हा गोणपाट काढा, शेडनेट काढा, पेटीचं तोंड बोटभर खाली झुकवा म्हणजे पाणी आत साचणार नाही, भोवतालचं गवत कापा, स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी आहे ना बघा कारण मुंगळे पावसातच जास्त वर चढतात. आणि बाजूच्या कपाशीवाल्याचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा, त्याला सांगून ठेवा की भाऊ, फवारायचं तर सूर्य कलल्यावर फवार आणि आदल्या दिवशी एक मिसकॉल दे. माझ्या बाजूचा शेतकरी देतो मिसकॉल. बदल्यात त्याला दिवाळीनंतर एक बाटली ठरलेली आहे, आणि तोही आजकाल मे मध्ये विचारत नाही.